नांदेडची गोड ज्वारी

११ जुलै २००८ या दिवशी कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरच्या वर गेला. इतका भाव त्याआधी कधीच चढला नव्हता. दिल्लीत मंत्र्यांच्या बैठका चालू होत्या, तेल कंपन्या तोट्याचे आकडे मांडत होत्या. पुढचं इंधन कुठून येणार, या प्रश्नावर अमेरिकेत मका, ब्राझीलमध्ये ऊस आणि भारतात मोगली एरंड, अशी वेगवेगळी उत्तरं दिली जात होती. त्याच सुमारास नांदेड जिल्ह्यात आणखी एका उत्तराची तयारी सुरू होती, आणि तिची आठवण आज फारशी कुणाला नाही. शेतकऱ्यांनी ज्वारी पेरायची, तिच्या धांड्याचा रस काढायचा आणि त्या रसापासून गाडीत घालायचं इथेनॉल करायचं, अशी ती योजना होती. टाटा केमिकल्सने त्यासाठी जिल्ह्यात दिवसाला ३० हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा केला.

तो प्रकल्प मोजके हंगाम चालला आणि थांबला. मराठवाड्याने तेलाला शोधलेल्या पर्यायांच्या इतिहासात मला ही घटना सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे याच प्रदेशात इथेनॉलचा जो पूर आला, तो कुठल्या पिकातून आला आणि कुठल्या पिकातून येऊ शकला असता, हे या अपयशातून स्पष्ट दिसतं.

मराठवाड्यात ज्वारीचा धांडा गोड असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. काही ताटं उसासारखी सोलून चघळता येतात, हे रानात वाढलेल्या पोराला आपोआप कळतं. पण शेतकऱ्याच्या हिशोबात ज्वारीची दोनच कामं होती: कणसातून भाकरी आणि धांड्यातून कडबा. १९७२ च्या दुष्काळात दोन्ही गेली. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर खाऊन लोकांनी दिवस काढले, बैल मातीमोल भावाने विकले. त्या जखमा ओल्या असतानाच, १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलाची नाडी आवळली. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेलं तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात पोचलं. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले. दुष्काळात ज्याची बैलजोडी गेली होती, त्याने दिल्लीतली ती बैलगाडी पाहून काय म्हटलं असेल? खेड्यापाड्यात तेव्हा डिझेलवरची इंजिनं विहिरींवर बसू लागली होती. पाणी नव्हतं तेव्हा इंजिन नुसतं उभं होतं. पाणी आलं, तेव्हा डिझेल महागलं.

या दुहेरी कोंडीवर महाराष्ट्रात सगळ्यांत चिकाटीने काम झालं ते फलटणला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत गोड ज्वारीवर प्रयोग सुरू झाले. १९८१ मध्ये अमेरिकेतून परतलेले अनिल राजवंशी तिथे आले आणि त्यांनी या ज्वारीतून खेड्याचं इंधन काढायचा ध्यास घेतला. संस्थेने 'मधुरा' नावाचं संकरित वाण तयार केलं, रस आंबवून मिळालेला मद्यार्क सूर्याच्या उष्णतेवर ऊर्ध्वपातित करायचा प्रयोग केला, आणि त्या मद्यार्कावर चालणारे कंदील आणि स्टोव्ह बनवले. या कल्पनेची खुबी तिच्या आकारात होती. गावाने गावापुरतं इंधन करावं, रॉकेलच्या रांगेत उभं राहू नये. पण मद्यार्क म्हटलं की अबकारी खातं आलंच. ज्या द्रवावर स्टोव्ह पेटतो तोच पिताही येतो, आणि सरकारच्या दृष्टीने दुसरी गोष्ट नेहमीच मोठी ठरली. स्टोव्ह चालले, कंदील पेटले, पण परवाना आणि कर यांच्या चौकटीत ते घरोघरी गेले नाहीत.

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळायची कल्पना मात्र त्याहून जुनी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं, तेव्हा देशात मळीपासून काढलेला मद्यार्क मोटारींत वापरला गेला, कोळशाच्या गॅसवर बसही धावल्या. १९४८ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला. निजामाच्या राज्यातल्या नांदेडच्या लोकांना ऊस आणि साखरेचा मोठा कारखाना कसा असतो हे पाहायला लांब जावं लागत नव्हतं. धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडे बोधनला निजाम शुगर फॅक्टरी होती, आणि तिच्या उसाला पाणी होतं निजामसागरचं, म्हणजे लातूरकडून वाहत येणाऱ्या मांजरेचंच. मांजरेच्या पाण्यावर कुठलं पीक काढायचं, हा वाद पुढे लातूरला उफाळणार होता. त्याची पहिली ओळ बोधनला लिहिली गेली, असं म्हणता येईल. आखाती तेल स्वस्तात मिळू लागल्यावर १९४८ चा कायदा कागदावरच राहिला आणि २००० मध्ये तो रद्दही झाला.

गंमत अशी की कायदा रद्द झाल्यावर वर्षभरातच इथेनॉल मिसळायचे नवे प्रयोग सुरू झाले. २००१ मध्ये देशात त्यासाठी तीन ठिकाणं निवडली गेली: उत्तर प्रदेशात बरेलीजवळचं आंवला, आणि महाराष्ट्रात मिरज व मनमाड. मनमाड हे मराठवाड्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचं ठिकाण. तिथल्या पानेवाडीच्या तेल डेपोतून निघालेले टँकर परभणी-नांदेडच्या दिशेने जातात आणि नांदेडपर्यंतचं अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातं. या वाहतुकीचा पैसा शेवटी पंपावरच्या दरात येतो. म्हणूनच राज्यातल्या सर्वांत महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचं नाव वारंवार आलं आणि नांदेड तिच्या मागोमाग राहिलं. २०१५ च्या दुष्काळात राज्य सरकारने मदतनिधीसाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार लावला, तेव्हा दुष्काळी मराठवाड्यालाही तो भरावा लागला. देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा या भागांतली माणसं कामासाठी बिदरकडे गेली की टाकी तिकडेच भरून येतात. सीमेवरच्या पंपचालकांची ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात परभणीत साध्या पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली. मुंबईपेक्षा कितीतरी कमी कमावणारा माणूस मुंबईपेक्षा महाग पेट्रोल भरत होता.

१ जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळणं सक्तीचं झालं. लगेच पाऊस रुसला, ऊस घटला, मळी मिळेना. २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. योजनेचा कमकुवतपणा पहिल्याच झटक्यात उघडा पडला: सगळी भिस्त उसावर, आणि ऊस पावसावर. मग दुसऱ्या पिकाचा शोध सुरू झाला. मोगली एरंडाचा गाजावाजा झाला, त्याच्या तेलाच्या मिश्रणावर रेल्वेचं इंजिनही चालवून पाहिलं गेलं. पडीक जमिनीत, पाण्याविना तेल देणारं झाड, असं त्याचं वर्णन होत असे. पडीक जमिनीत ते जगलं, पण बी फारसं दिलं नाही.

गोड ज्वारीचा दावा जास्त प्रामाणिक होता. ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताखालचं पीक होती आणि तिच्यामागे खरं संशोधन होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय ज्वारी संशोधन केंद्राने 'सीएसएच २२ एसएस' हे गोड ज्वारीचं संकरित वाण २००५ मध्ये दिलं. 'एसएसव्ही ८४' त्याआधीपासून होतं. नांदेडहून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्यालगतच्या पट्ट्यात, पटनचेरूला इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था. तिथे बेलम रेड्डी आणि त्यांचे सहकारी उंच, रसाळ ताटांची निवड करत होते. या संस्थेच्या मांडणीनुसार गोड ज्वारीच्या एका पिकाला हेक्टरी चार हजार घनमीटर पाणी लागतं, तर उसाला छत्तीस हजार. ज्वारी चार महिन्यांत निघते, ऊस रानात वर्षभर किंवा त्याहून जास्त उभा राहतो. शिवाय ज्वारीचं कणीस खुडून धान्य घरी राहतं, फक्त धांडा विकायचा. अन्न की इंधन, हा जगभर पेटलेला वाद इथे मिटल्यासारखा वाटत होता. २००७ मध्ये आंध्रच्या मेदक जिल्ह्यात रुस्नी डिस्टिलरी या नावाने गोड ज्वारीवरचा पहिला कारखाना उभा राहिला. पाठोपाठ टाटा केमिकल्सने नांदेड निवडलं.

नांदेडची निवड वरवर पाहता अचूक होती. खरिपात ज्वारीची सवय असलेला जिल्हा, काळी जमीन, मराठवाड्यात तुलनेने बरा पाऊस, हैदराबादचं संशोधन जवळ. इथल्या खरीप ज्वारीला एक जुनं दुखणंही होतं. काढणीच्या तोंडावर पाऊस लागला की कणसं काळी पडतात, आणि काळी ज्वारी बाजारात कुणी विचारत नाही. धांड्याला भाव मिळाला, तर त्या नुकसानीला आधार मिळणार होता. कागदावर या योजनेत चूक सापडत नाही.

चूक रानात सापडली. नांदेडमध्ये सगळे शेतकरी मृगाचा पाऊस पाहून एकाच आठवड्यात चाड्यावर मूठ धरतात. एकाच वेळी पेरलेली ज्वारी एकाच वेळी फुलते आणि रसात साखरही एकाच वेळी भरते. तो काळ दोन-तीन आठवड्यांचा. त्याआधी तोडली तर रस फिका, नंतर तोडली तर धांडा वाळतो. तोडल्यावर तर घाई आणखी. ऊस दोन दिवस ट्रॉलीत राहिला तर उतारा घटतो, पण काम चालतं. ज्वारीच्या रसातली साखर त्याहून लवकर बिघडते, दिवसाच्या आत धांडा चरकात जायला हवा. आणि हे सगळं कधी? सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे परतीच्या पावसात. काळ्या जमिनीत त्या दिवसांत बैलगाडीचं चाक अर्धं बुडतं, ट्रॅक्टरची तर गोष्टच नको. कारखान्याचे चरक तयार, पण धांडे चिखलापलीकडे उभे.

बरं, तोडायचं कुणी? ऊसतोडीची सगळी व्यवस्था, मुकादम, उचल, बीडकडून येणारी कोयत्यांची जोडपी, टनामागे दर, हे सारं जाड उसाभोवती बांधलेलं आहे. ज्वारीचं ताट बोटाएवढं. कणीस खुडा, पाला काढा, मोळी बांधा. एक टन भरायला किती ताटं लागतील याचा हिशोब मजुराने क्षणात केला असणार. आणि तोडणीची टोळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला अजून गावीच असते.

कडब्याचा प्रश्न तर मला या सगळ्याहून मोठा वाटतो. योजना आखणाऱ्यांनी धांड्याला जवळजवळ टाकाऊ मानलं होतं. मराठवाड्यात धांडा टाकाऊ नसतो. कडब्याची गंजी म्हणजे जनावरांची वर्षभराची बेगमी. दुष्काळात कडब्याचा भाव ज्वारीच्या भावाशी स्पर्धा करतो. धांडा कारखान्याला दिला की दावणीला काय टाकायचं? रस काढलेला चोथा चारा म्हणून परत देण्याची सोय सुचवली गेली होती, चोथा जनावरं खातातही. पण तो ओला, जड, आंबणारा. कारखान्यापासून वीस कोसांवरच्या गावाला तो परत नेणं परवडणारं नव्हतं. इक्रिसॅटने यावर मेदक जिल्ह्यात एक चांगला उपाय करून पाहिला: गावातच छोटा चरक बसवायचा, तिथेच रसाचा पाक करायचा आणि फक्त पाक कारखान्याला पाठवायचा. चोथा गावात राहतो, पाक टिकतो, घाई संपते. फलटणच्या कल्पनेच्या हा फार जवळचा मार्ग होता. तो नांदेडला हवा त्या प्रमाणात पोचला असता, तर या लेखाचा शेवट कदाचित वेगळा झाला असता.

खरिपात चार-पाच आठवडे चाललेला कारखाना उरलेल्या वर्षात काय करणार? रब्बीच्या ज्वारीत थंडी आणि लहान दिवस यांमुळे धांडा बुटका राहतो, रस कमी भरतो. उन्हाळ्यात पीक घ्यायचं तर पाणी द्यावं लागतं, आणि पाणी वाचवणं हाच तर तिचा मुख्य गुण. सोबतीला भावाचं गणित. केंद्राने २००७ मध्ये इथेनॉलचा दर तीन वर्षांसाठी लिटरला २१ रुपये ५० पैसे ठरवला होता. हा दर मळीचा विचार करून ठरला होता. मळी कारखान्याच्या दारात साखरेसोबतच निघते; ज्वारीच्या धांड्यासाठी शेतकऱ्याला रोख पैसे मोजावे लागतात. २०१० मध्ये दर २७ रुपये झाला, तोही या पिकाला अपुराच. तोवर तेलाचं सोंगही उतरलं होतं. जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरवर असलेलं तेल त्याच डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आलं. मंदीने जग गारठलं होतं. पर्यायी इंधनासाठी मुंबईतल्या कंपन्यांना असलेली निकड त्या सहा महिन्यांत ओसरली. रुस्नीचा कारखाना थांबला, नांदेडचाही.

याच वर्षांत ज्वारीच्या नावाला आणखी एक डाग लागला. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना लिटरमागे दहा रुपये अनुदान द्यायचं धोरण आणलं. काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळावा, हे त्याचं सांगितलेलं कारण. परवाने पाहिल्यावर राजकारण्यांच्या घराण्यांची नावं दिसली, आणि मद्यार्कही गाडीच्या टाकीत न जाता बाटलीत जाणार हे स्पष्ट झालं. दारूविरोधी कार्यकर्ते डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, आणि तो उठायलाच हवा होता. पण त्या गदारोळात ज्वारीपासून इंधन आणि ज्वारीपासून दारू यांतला फरक लोकांच्या मनातून पुसला गेला. गोड ज्वारीची बाजू मांडायला मग कुणी उरलं नाही.

ज्वारी हरली आणि ऊस जिंकला. लातूरकडे पाहिलं की तो का जिंकला हे कळतं. विलासराव देशमुखांनी उभारलेला मांजरा साखर कारखाना, पाठोपाठ विकास आणि रेणा, शेजारी कळंब तालुक्यात रांजणीला बी. बी. ठोंबरे यांचा नॅचरल शुगर. या कारखान्यांनी शेतकऱ्याला वेळेवर पैसे दिले, रोपं दिली, तोडणी दिली, कर्जाची सोय दिली. सोयाबीन किंवा तुरीचा भाव काय निघेल ते पेरताना सांगता येत नाही. उसाला निदान एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा आधार असतो. मराठवाड्याच्या शेतकऱ्याने हौसेने ऊस लावला नाही. ज्या एका पिकामागे संस्था उभी होती, ते पीक त्याने धरलं. गोड ज्वारीमागे एक कंपनी आणि काही शास्त्रज्ञ होते, कंपनी गेल्यावर शास्त्रज्ञ पटनचेरूला परतले. यात शेतकऱ्याचा दोष मला दिसत नाही.

पाण्याने मात्र हिशोब मागितला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांत साखर कारखाने नकोत असं सांगितलं होतं. कारखाने वाढत राहिले. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं, लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे शहरात आली. पंधरा वर्षांपूर्वी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा प्रयोग जिथे झाला, त्याच मिरजेतून लातूरला प्यायचं पाणी टाक्यांमधून आणावं लागलं. २०१९ मध्ये तत्कालीन विभागीय आयुक्त सुनील केंद्रेकर यांनी मराठवाड्यात ऊस थांबवून तेलबिया आणि कडधान्यांकडे वळावं असा अहवाल सरकारला दिला. तो अहवाल धूळ खात पडला, कारण तोवर दिल्लीतलं वारं उलट्या दिशेला वाहू लागलं होतं.

२०१३-१४ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल दीड टक्क्याच्या आसपास होतं. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने चित्र बदललं. बी हेवी, म्हणजे साखर पूर्ण न काढलेल्या मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला ५२ रुपये ४३ पैसे, थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ५९ रुपयांहून जास्त दर मिळाला. ज्या २१ रुपये ५० पैशांच्या दराने नांदेडची ज्वारी मेली, त्याच्या अडीच पटींहून रसाच्या इथेनॉलचा हा दर अधिक होता. जून २०२२ मध्ये १० टक्के मिश्रण झालं, २०२५ मध्ये २० टक्के. धोरणाच्या कच्च्या मालाच्या यादीत गोड ज्वारीचं नावही आहे. पण दहा वर्षं मोडून पडलेला प्रयोग यादीतल्या एका ओळीने उभा राहत नाही. आणि पाऊस आपल्या जागी होताच: २०२३ च्या तुटीनंतर डिसेंबरमध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल केली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांची त्या आठवड्यात झोप उडाली. २००४ ची गोष्ट नव्याने घडली.

उसाची जागा आता मका घेतोय. मक्यापासूनच्या इथेनॉलला २०२३-२४ मध्ये ७१ रुपये ८६ पैसे दर मिळाला आणि देशातल्या इथेनॉलचा मोठा वाटा धान्यातून येऊ लागला. मक्यापासून मद्यार्क काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो. पूर्वी तिथे सोयाबीनची पेंड जायची. पेंडीची मागणी घटली की सोयाबीनचा भाव घसरतो. एकटं हेच कारण नाही, आयात खाद्यतेलाचाही त्यात मोठा हात आहे. पण राज्यभरचे व्यापारी ज्या बाजाराचा भाव पाहून सौदे करतात, त्या लातूरच्या बाजार समितीत २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावाच्या बऱ्याच खाली सोयाबीन विकलं गेलं. नांदेड आणि लातूरच्या लाखो एकरांवर हेच पीक उभं असतं, कारण ज्वारी तिथल्या शेतकऱ्यांनी केव्हाच सोडली. पेट्रोलला पर्याय म्हणून दिल्लीत ठरलेला मक्याचा दर आता उदगीर, अहमदपूर, मुखेड, कंधारच्या सोयाबीनच्या पोत्यातून वसूल होतो. या वर्षी काय पेरायचं, हे तिथला शेतकरी अजूनही मृगाचा पाऊस पाहून ठरवतो. त्या पिकाचं पुढे इंधन होणार की पेंड, हे त्याला पेरताना कुणी सांगत नाही.